साखर काढून गूळ घालताना

मी कोल्हापुरात घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. हल्ली फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, साखर नको हं, गूळ घाला." घालते की. गुळाच्या गावात राहून गुळाला नाही कोण म्हणेल? मला खटकतं ते त्याच्या मागोमाग येणारं दुसरं वाक्य, "बाकी सगळं तेच ठेवा." तेच तर ठेवता येत नाही. साखर काढून तेवढाच गूळ टाकला की मधे बसलेला, आतून चिकट आणि वरून काळवंडलेला एक ऐवज तयार होतो. मग लोक म्हणतात, गुळाचा केक काही खास लागत नाही. गुळाचा काय दोष त्यात?

आधी ते 'हेल्दी' प्रकरण उरकून घेते, कारण त्यावर फार वेळ घालवायची माझी इच्छा नाही. १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी असतात, साखरेत ३९०च्या आसपास. गुळात थोडे क्षार असतात, थोडं लोह असतं, हे खरं. पण केकच्या एका तुकड्यात येणाऱ्या गुळातून ते मिळेल कितीसं? ज्यांना मधुमेह आहे त्यांना मी स्पष्ट सांगते की गूळ म्हणजेही साखरच, दोन तुकडे जास्त खायची ती परवानगी नाही. एकदोघी रागावून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत. गूळ घालायचा तो चवीसाठी. भाजल्यासारखा, किंचित खारट, मागे उसाचा वास रेंगाळणारा जो गोडवा आहे तो पांढऱ्या साखरेत शोधूनही सापडायचा नाही. एवढं कारण मला पुरतं.

गूळ साखरेसारखा का वागत नाही ते गुऱ्हाळात उभं राहिलं की कळतं. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीत गुळाचे सौदे सुरू होतात आणि उन्हाळा तापेपर्यंत गुऱ्हाळं चालतात. चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईत येतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापला की वर काळपट फेस धरतो, ती मळी. रस निवळायला भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी घालायची जुनी पद्धत आहे. त्या बुळबुळीत पाण्याला घाण चिकटते आणि सगळी वर येते, मग ती झाऱ्याने काढून टाकायची. पुढे रस आटतो, पिवळ्याचा तांबूस होतो, मोठमोठे बुडबुडे येऊन फुटायला लागतात. साधारण १०५ अंशांवर उतरवली तर काकवी. ११८च्या आसपास गेला की गूळ. गुळव्याकडे थर्मामीटर कुठला! तो उलथन्यावरचा थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. गोळी टणकन वाजली की ओरडतो, "उतरा!" तिथून पुढे सगळी धावपळ. चारपाच गडी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात पाक ओततात, लाकडी फावड्याने घोटतात, घट्ट व्हायला लागला की साच्यात भरतात. त्या वेळी मधे कोणी बोललेलं गुळव्याला खपत नाही.

थोडक्यात, साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि मळी, म्हणजे मागे उरलेला काळा दाट पाक (मोलॅसिस), बाजूला जाते. नाव तेच, पण गुऱ्हाळातला मळीचा फेस वेगळा. गुऱ्हाळात असं वेगळं काही काढतच नाहीत. मळीचा फेस सोडला तर रसात होतं ते सगळं आटून रव्यात बसतं. (आमच्याकडे ढेपेला रवा म्हणतात. पुण्याची वहिनी रवा म्हटल्यावर शिऱ्याचा विचार करते.) म्हणून गुळात निव्वळ सुक्रोज, म्हणजे आपली पांढरी साखर नसते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, पाणी असतं, क्षार असतात आणि थोडा आंबटपणाही असतो. स्वयंपाकात गूळ जे जे नखरे करतो ते या चार गोष्टींमुळे. आणि प्रत्येक रव्यात त्यांचं प्रमाण वेगळं. ऊस कोणता होता, कोवळा होता की पक्का, तोडून किती दिवस पडला होता, गुळव्याचा हात कसा, सगळं त्यात उतरतं. 'को ९२००५' या जातीच्या उसाचा गूळ चांगला होतो असं इथले शेतकरी सांगतात, इथल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचीही तीच शिफारस आहे. पण रवा विकत घेणाऱ्या बाईला उसाची जात कोण सांगणार? तिने चाखून बघावं.

चाखून बघा हे मी अगदी शब्दशः म्हणते. दुकानात रव्याचा एक खडा मागून घ्यायचा आणि जिभेवर विरघळू द्यायचा. आधी गोड लागून मागे आंबट चव राहिली तर तो गूळ उसाच्या शिळ्या रसाचा किंवा जुना आहे, दुधाच्या पदार्थाला नको. किंचित नव्हे, जास्तच खारट लागला तर मला रसायनाची शंका येते. पिवळाधमक गूळ दिसायला छान, बाजारात त्याला भावही चांगला मिळतो, म्हणून काही गुऱ्हाळांत रस उकळताना हायड्रोस पावडर टाकतात. ते सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे रंग उडवायचं रसायन. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो, आणि अन्नसुरक्षेच्या नियमानुसार तो ७० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ७० भाग) वर असता कामा नये. आपल्या जिभेला पीपीएम मोजता येत नाहीत, पण एक गंमत अशी की या पावडरीने आणलेला पिवळेपणा टिकत नाही. गूळ ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत काळपट पडायला लागतो. चांगला गूळही ठेवल्यावर गडद होतो, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. मी सरळ तांबूस-तपकिरी रवा घेते. कोल्हापुरी गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आता नावाचा शिक्का असतो, पण शिक्का असला तरी खडा तोंडात टाकल्याशिवाय मी घेत नाही.

आता चुलीकडे. आपल्या आज्या गुळाच्या बाबतीत काही नियम पाळायच्या, कारण विचारलं तर "तसंच करतात" एवढंच उत्तर मिळायचं. त्यातला पहिला नियम म्हणजे डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. पुरणाला हरभऱ्याची डाळ बोटांत धरून दाबली की पीठ झाली पाहिजे, मगच गूळ. डाळीत कणी राहिली आणि गूळ पडला की पुढे तासभर आटवलं तरी कणी तशीच राहते. गुळातली साखर, त्यातला आंबटपणा आणि चुन्याचा अंश, तिन्ही मिळून डाळीचा गर मऊ होऊ देत नाहीत. आमटीलाही हेच. कुकरमधे तुरीच्या डाळीबरोबरच गुळाचा खडा टाकणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या, आणि त्याच "डाळ शिजत नाही, दुकानदाराने जुनी दिली" म्हणून कुरकुरत असतात.

दुसरा नियम दुधाचा. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं. आंबटपणा आणि क्षार, वर उष्णता, मग काय होणार? खीर करताना तांदूळ किंवा शेवया पूर्ण शिजवायच्या, गॅस बंद करायचा, भांडं हाताला सोसेल इतपत निवू द्यायचं आणि मग थोड्या पाण्यात विरघळवून गाळून गार केलेला गूळ घालायचा. पुन्हा उकळी आणायची नाही, लागलंच तर कोमट करायचं. खिरीत शिजलेल्या तांदळाचा दाटपणा असतो तो दुधाला थोडा सांभाळूनही घेतो. चहात मात्र असा कुणाचा आधार नसतो, म्हणून गुळाचा चहा करणारे टपरीवाले दूध वेगळं तापवतात आणि शेवटी ओततात. कोकणातल्या बायकांनी हा प्रश्न मुळातच सोडवलाय, त्या नारळाचं दूध घेतात. खापरोळ्या बुडवायचा रस बघा, गूळ बिनधास्त पडतो.

गुळाच्या पोळीबद्दल मी स्वतंत्र लिहीन, कारण तिथे भांडणं फार आहेत. इथे एकच. सारणातला गूळ किसणीवर बारीक किसलेला हवा, एकही खडा नको. खडा तव्यावर वितळतो, पोळीला भोक पाडून बाहेर येतो आणि जळतो. किसून झाल्यावर मी तळहाताने तो परातीत चोळते, हाताला टोचलं की तो कण उचलून बाजूला. मग भाजलेलं बेसन, तिळाचं आणि खसखशीचं कूट, तेलाचं मोहन. सारणाचा गोळा आणि कणकेचा गोळा एकाच वेळी अंगठ्याने दाबून बघते. दोन्हींत अंगठा सारखाच रुतला तर लाटताना सारण कडेपर्यंत जातं. सारण घट्ट राहिलं तर मधेच ढीग होऊन बसतं आणि पोळीच्या कडा नुसत्या कणकेच्या. अशी पोळी ताटात कोण कुठून खातो ते बघा, कडा पानात उरलेल्या असतात.

चिक्कीला लागतो तो चिक्कीचा गूळ, दुकानात त्याच नावाने वेगळा मिळतो. साध्या गुळाचा लाडू मऊ होतो, चिक्कीच्या गुळाचा कडक. संक्रांतीला आमच्या घरी या मुद्द्यावर दोन तट पडतात. माझा तट मऊ लाडूंचा, कारण दात माझे आहेत. चिक्कीसाठी पाक दीडशे अंशांच्या जवळ न्यावा लागतो. तिथे त्यात पाणी जवळपास उरतच नाही, म्हणून ती कटकन मोडते. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकायचा. थेंब चेंदला जात असेल तर अजून थांबा, काचेसारखा तुटला की शेंगदाणे घाला. त्याच क्षणी चिमूटभर खायचा सोडा टाकला तर पाक फसफसून वर येतो, फिकट होतो आणि आत बारीक बुडबुडे अडकून चिक्की खुसखुशीत होते. गुळातला आंबटपणा आणि ती उष्णता, दोन्ही सोड्यातून वायू सुटायला लावतात. हीच गोष्ट आपल्याला ओव्हनमधेही कामाला येते.

तर केक. साखरेच्या केकची पहिली पायरी म्हणजे लोणी आणि साखर फेसणं. साखरेचे टोकदार दाणे लोण्यात घुसतात, हवेच्या असंख्य पोकळ्या तयार होतात आणि केकच्या हलकेपणाची सुरुवात तिथे होते. किसलेल्या गुळाला ना टोक ना दाणा. तो लोण्यात गुठळ्या करून बसतो. गूळ पावडर थोडी बरी, ती कोरडी असते, पण तीही साखरेइतकी हवा धरत नाही. म्हणून स्पंज केकची कृती घेऊन तिच्यात गूळ कोंबू नका. आधीपासून ओलसर, जड, तेलाचे आणि मसाल्याचे जे केक असतात ते निवडा. केळ्याचा, गाजराचा, खजुराचा, सुंठीचा. तिथे गूळ घरच्यासारखा वागतो.

माझा नेहमीचा कणकेचा केक सांगते. १४० ग्रॅम गूळ वजन करून घ्या, वाटीने नको, कारण दाबून भरली आणि सैल भरली तर एकाच वाटीत सहज ५० ग्रॅमचा फरक पडतो. तो ६० मिली गरम पाण्यात विरघळवा आणि गाळा. गाळणीत काय काय राहतं ते एकदा बघाच, चिपाडाचे तंतू, वाळूचे कण, कधी पोत्याचा धागा. नंतर पूर्ण गार होऊ द्या. १५० ग्रॅम दही आणि ८० मिली बिनवासाचं तेल त्यात फेटा. दुसऱ्या भांड्यात १६० ग्रॅम कणीक, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, एक चमचा सुंठ, थोडं जायफळ आणि मिठाची चिमूट दोनदा चाळा. चमचे लहान, चहाचे. मीठ वगळू नका, गुळाची चव मिठाने उघडते. कोरडं ओल्यात घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, जास्त घोटलं तर कणकेचा केक चामट होतो. सहा इंची डब्यात १६५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटं.

इथे सोडा जास्त आणि भरवसा कमी असं होऊ नये म्हणून सांगते, दही आणि गूळ दोघेही आंबट, त्यामुळे सोडा पुरता वापरला जातो आणि साबणासारखी चव मागे राहत नाही. १६५ का? कृतींमधे बहुतेक १८० लिहिलेलं असतं. सुक्रोजचा रंग बदलायला साधारण १६० अंश लागतात, फ्रुक्टोजला ११० पुरतात. गुळात ते आयतंच आहे, म्हणून गुळाचा केक आत कच्चा असतानाच वरून गडद दिसतो आणि माणसं घाबरून बाहेर काढतात. तापमान खाली आणा, वेळ वाढवा, रंगावर जाऊ नका, सुई घालून बघा. वर फार काळपट वाटलं तर शेवटच्या दहा मिनिटांत फॉइल झाका. आणि त्याच दिवशी कापू नका! गुळाला हवेतली ओल धरून ठेवायची सवय, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हा केक आणखी मऊ आणि चवीला गोल होतो. ऑर्डर संध्याकाळची असेल तर मी आदल्या दिवशीच भाजते. गिऱ्हाईक "ताजा आहे ना?" विचारतं, मी "मुरलेला आहे" सांगते.

ही ओल धरायची सवय बिस्किटांत नडते. गुळाची नानकटाई पहिल्या तासात सुरेख असते, मग मऊ पडायला लागते. पावडर वापरा, तूप वाढवा, दोनदा भाजा, साखरेच्या नानकटाईचं ते विरघळणं काही येत नाही. नानकटाईला मी साखरच घालते, आणि गुळाचीच हवी म्हणणाऱ्यांना गुळाची खुसखुशीत शंकरपाळी देते. ती तळलेली असते, पाणी निघून गेलेलं असतं, डब्यात आठवडाभर नीट राहते.

बाजारातल्या तपकिरी साखरेबद्दल विचारतात म्हणून थोडंसं. पाकिटावर ब्राऊन शुगर लिहिलंय म्हणजे ती कच्ची साखर असेलच असं नाही. पुष्कळदा पांढऱ्या साखरेवर पुन्हा मळी चढवलेली असते. केकला ती चालते, उत्तम चालते, फक्त 'नैसर्गिक' म्हणून चौपट पैसे मोजू नका. डेमेरारा म्हणजे मोठा, सोनेरी, करकरीत दाणा. पिठात तो नीट विरघळत नाही, मफिनवर भुरभुरायला छान. मस्कोवाडो गुळाच्या सर्वात जवळची, ओलसर आणि गडद. परदेशी कृतीत ती लिहिलेली असली की मी सरळ गडद गूळ किसून घालते आणि पातळ पदार्थ चमचाभर कमी करते. खांडसरी मिळाली तर घ्या, ती दाणेदार असल्याने लोण्याबरोबर फेसता येते आणि थोडी चवही देते. आपल्या कारखान्यांत रॉ शुगरही होते, पण ती शुद्धीकरणासाठी पाठवायची साखर असते, पोत्यातून थेट डब्यात घालायची नव्हे. रोजची आपली पांढरी साखर, पोत्यावर एस-३० (बारीक दाणा) किंवा एम-३० (मध्यम दाणा) लिहिलेली, तिचा रस बहुतेकदा गंधकाचा धूर देऊन निवळलेला असतो. म्हणजे गंधकाच्या नावाने फक्त गुळालाच बोल लावायचं कारण नाही.

साठवणीचं सांगून थांबते. पावसाळ्यात रवा पाझरतो, खाली चिकट पाणी सुटतं आणि मुंग्यांना पत्ता लागतो. मी मे महिन्यातच रवा फोडून, खडे कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते. केकसाठी लागणारा किसून, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या करून फ्रीजमधे. दगड झालेला गूळ बत्त्याने फोडत बसण्यापेक्षा कुकरमधे डाळीच्या वर वाटीत ठेवा, शिट्टी होईपर्यंत मऊ होतो. आणि हंगामात गुऱ्हाळावर गेलात तर रव्याबरोबर काकवीची बाटलीही आणा. मध लिहिलेला असेल त्या बहुतेक केकमधे ती चालते, घावनावर तर काय बोलावं. थंडीत बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरतात, ते खराब झालं म्हणून ओतून देऊ नका. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की विरघळतात.